कुलूपबंद शांतता

परप्रांतात नोकरी करणारी दोन मराठी माणसे एकत्र आली की पहिल्या पाच मिनिटांत बदलीचा विषय निघतो आणि दहाव्या मिनिटाला घराचा. बदलीविषयी आपणां सर्वांचे एकमत असते : ती वाईट. घराविषयीही एकमत असते : ते वेळीच ‘घेऊन ठेवले’ पाहिजे. ह्या ‘घेऊन ठेवणे’ नामक प्रकाराविरुद्ध मला आज काही लिहावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ते रुचणार नाही. मलाही ते लिहिताना सुखाचे वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

गेल्या कार्तिकात आमच्या कचेरीतील एका तरुण मराठी सहकाऱ्याने गळ घातली, की बक्षी का तालाबला एक जागा पाहावयाची आहे, आपण अनुभवी, बरोबर चला. नोकरीत पंधरा वर्षे झालेली, दोन लहान मुले, सरकारी क्वार्टरच्या भिंतींना ओल. त्याची निकड खरी होती. लखनौहून सीतापूर रस्त्याने मडियांव मागे टाकले की विसेक किलोमीटरांच्या आतच बक्षी का तालाब लागते. तहसिलीचे गाव आहे, रेल्वेस्थानक आहे, हवाई दलाचे स्थानक आहे. लखनौला वेढा घालणारा किसान पथ ह्या सीतापूर रस्त्याला छेदून गेल्यापासून आंब्या-पेरूच्या बागांमधून एकामागून एक कमानी उभ्या राहिल्या आहेत. कमानीवर सोनेरी अक्षरे, कमानीच्या आत डांबरी रस्ता, रस्त्याच्या दुतर्फा विजेचे खांब, आणि त्यापलीकडे कमरेइतके गवत.

आम्हांला घेऊन गेलेला दलाल मोठा गोडबोल्या होता. दोन्ही हात पसरून तो म्हणाला, “साहब, सुनिए, कितनी शांति है!” आम्ही ऐकले. खरोखरच शांतता होती. पोरांचा गलका नाही, कुकरची शिटी नाही, दोरीवर वाळणारे कपडे नाहीत, कुणाच्या अंगणात तुळस नाही. शंभरावर प्लॉटांची ती वसाहत. सात घरे बांधलेली, त्यांतील तीन नांदती. बाकीच्या चारांच्या दारांना कुलपे आणि कुलपांना गंज. “फॅमिली कॉलनी है, साहब,” असे दलालाने वर ऐकवले.

त्या तीन नांदत्या घरांपैकी एक माझ्या एका जुन्या स्नेह्यांचे आहे. मूळचे सोलापूरचे, लेखा खात्यातून निवृत्त झाले आणि मुलगा परदेशी असल्यामुळे इथेच राहिले. त्यांनी आम्हांला चहाला थांबवून घेतले. चहा झाल्यावर त्यांनी आदल्या पौषातली हकीकत सांगितली. उत्तर प्रदेशातले पौषातले धुके ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. रात्री दोनच्या सुमारास वहिनींना दम लागला. रुग्णवाहिका बोलावली, ती आली, पण वसाहतीत शिरून चुकली. गल्ल्यांना पाट्या नाहीत, घरांना क्रमांक नाहीत, आणि रस्ता विचारावा तर एकाही खिडकीत दिवा नाही. पहारेकरी गावी गेलेला. चाळीस मिनिटे ती गाडी त्या सुंदर डांबरी रस्त्यांवरून फिरत होती आणि हे गृहस्थ विजेरी हलवीत कोपऱ्यावर उभे होते. वहिनी वाचल्या. परंतु त्या दिवसापासून रात्रीचे जेवण झाले की त्या दाराशी खुर्ची घेऊन बसतात आणि ‘कुणाच्या घरी दिवा दिसतो का’ एवढेच पाहतात.

पुढे स्नेह्यांनी ठरविले, की जागामालकांचा संघ स्थापून पाट्या, पहारा आणि पाणी ह्यांची व्यवस्था करावी. निबंधक कार्यालयातून नावे काढली, जमतील तितके पत्ते मिळवले आणि स्वखर्चाने पत्रे टाकली. शंभरांवर पत्रांना एकोणीस उत्तरे आली. त्यांपैकी अकरांनी ‘भाव काय चालला आहे’ एवढेच विचारले होते. पत्ते पुण्याचे, दुबईचे, बंगळूरचे, नोएडाचे. त्यांत मराठी आडनावे सहा. ती सहा नावे त्यांनी मला वाचून दाखवली नाहीत. वाचण्याची गरज नव्हती. त्यांतले एक नाव माझे होते.

होय. आठ वर्षांपूर्वी त्याच वसाहतीत मीही एक तुकडा ‘घेऊन ठेवला’ आहे. त्यांचे पत्र माझ्या टेबलाच्या खणात विम्याच्या पावत्यांखाली पडून होते. त्या तुकड्याचे अस्तित्व माझ्या लेखी वर्षातून एकदाच जागे होई : ३१ जानेवारीच्या आत स्थावर मालमत्तेचे विवरणपत्र भरताना. ज्या शांततेचे दलाल कौतुक करीत होता ती निसर्गाने दिलेली नव्हती. ती मी आणि माझ्यासारख्या शंभर जणांनी कुलपे लावून निर्माण केली होती.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. शेजार नसलेली शांतता ही ओसाडी होय. आणि जो मनुष्य राहण्याचा हेतू नसताना वसाहतीत घर किंवा जागा घेऊन बंद ठेवतो, तो स्वतःचा पैसा गुंतवीत असला तरी दुसऱ्याचा शेजार बुडवीत असतो.

ह्यावर काय उत्तरे येतील ती मला ठाऊक आहेत, कारण ती सर्व मी स्वतःला आठ वर्षे देत आलो आहे.

पहिले उत्तर : “आम्ही बदलीची माणसे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. राहणार कुठून?” हे खरे आहे, आणि म्हणूनच ते आपल्याविरुद्ध जाते. राहणे शक्य नाही हे ज्याला घेतानाच माहीत आहे, त्याने वसाहतीतील जागा कशासाठी अडवावी? आपली जुनी म्हण ‘घर पाहावे बांधून’ अशी आहे. बांधण्याचा खटाटोप करावा, उन्हात उभे राहावे, गवंड्याशी हुज्जत घालावी आणि मग त्या घरात दिवा लावावा, असे ती सांगते. ‘घर पाहावे घेऊन ठेवून’ असे आपल्या एकाही पूर्वजाच्या तोंडून निघाले नाही.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे : “ही म्हातारपणाची तरतूद आहे.” १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत आलेल्यांना जुन्या धर्तीचे निवृत्तिवेतन उरले नाही. एप्रिल २०२५ पासून एकत्रित निवृत्तिवेतनाचा नवा पर्याय खुला झाला असला तरी मनातली धाकधूक एका आदेशाने जात नाही. ह्या भीतीची मी थट्टा करणार नाही. परंतु भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा उपाय खरा ठरत नाही. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंद होते ती दस्ताची. मालकी हक्काची हमी त्या शिक्क्यात नसते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की मुखत्यारपत्र आणि करारनामा ह्यांच्या बळावर झालेल्या व्यवहाराने स्थावराची मालकी बदलत नाही. खतौनीत विक्रेत्याचे नाव आहे का, शेतजमीन उत्तर प्रदेशाच्या महसूल संहितेच्या ८० व्या कलमाखाली अकृषिक जाहीर झाली आहे का, आराखडा विकास प्राधिकरणाने संमत केला आहे का, रेरा क्रमांक आहे का, हवाई दलाच्या स्थानकालगत असल्यास अंतराचे व उंचीचे निर्बंध आड येतात का, खरेदीनंतर दाखिल-खारिज झाले का : हे सहा प्रश्न आपण कचेरीत दुसऱ्याच्या फायलीवर डोळ्यांत तेल घालून विचारतो. स्वतःच्या पैशाच्या वेळी मात्र रविवारच्या दुपारी, दलालाच्या मोटारीत बसूनच बयाणा देऊन मोकळे होतो. राहावयाचे असते तर विचारले असते. राहावयाचे नाही म्हणूनच विचारीत नाही. न पाहिलेला, न राखलेला तुकडा ही तरतूद नव्हे, तो आशेवर काढलेला हुंडीचा कागद आहे.

तिसरे उत्तर भावनेचे : “शेवटी आम्ही पुण्याला जाणार.” अवश्य जावे. पण मग पुण्याच्या घराला तरी दिवा आहे का? आपल्या ओळखीची पाच कुटुंबे मनाशी आठवा. पुण्याच्या एखाद्या उपनगरातला फ्लॅट बंद, कारण साहेब लखनौला; लखनौचा प्लॉट ओसाड, कारण साहेब पुण्याला जाणार; आणि मुले दोन्हींकडे नाहीत. दोन ठिकाणी कुलूप आणि स्वतः क्वार्टरमध्ये, असा हा त्रिस्थळी संसार. आपण एका गावाचेही रहिवासी होत नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी पाहतो तो एकाही गल्लीत आपल्याला नावाने ओळखणारा वाणी नाही.

हा दोष आपल्या एकट्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे तेहतीस कोटी घरांपैकी जवळजवळ अडीच कोटी घरे रिकामी आढळली. त्यांपैकी एक कोटीहून अधिक शहरी भागात. आणि त्याच सुमारास, २०१२ साली, केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने शहरांतील घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख मोजली. एकीकडे माणसांना घर नाही, दुसरीकडे घरांना माणूस नाही.

सहकाऱ्याची एक बहीण हॉलंडात असते. आम्स्टरडॅमजवळ, लहान मुले असलेल्या कुटुंबांच्या शांत वस्तीत तिने नुकतेच घर घेतले. परतीच्या वाटेत तो तिच्या गल्लीचे वर्णन करू लागला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, “सर, तशी शांतता आपल्या नशिबी नाही.” मला हा नशिबाचा सिद्धान्त मान्य नाही. डच गल्लीतली शांतता आकाशातून पडलेली नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘बालहत्या थांबवा’ हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. त्याआधीच, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, डेल्फ्ट गावी रहिवाशांच्या गल्लीलाच अंगण मानण्याची कल्पना निघाली होती : मोटारीने माणसाच्या चालीने जावे, मुलांनी रस्त्यात खेळावे, झाडे आणि बाके मध्येच यावीत. १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली. ह्या अंगण-गल्लीला ते ‘वोनएर्फ’ म्हणतात. ती शांतता मुलांच्या आवाजाने भरलेली आहे. म्हणूनच ती कुटुंबांना मानवते.

आणि मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. तिथेही घरांची टंचाई आहे. तिथेही पैसेवाले घरे ‘घेऊन ठेवू’ लागले होते. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून तेथील नगरपालिकांना असा अधिकार मिळाला, की ठरवून दिलेल्या वस्त्यांत स्वस्त व मध्यम किमतीचे घर जो विकत घेईल त्याने, काही अपवाद सोडता, पहिली चार वर्षे परवान्याशिवाय ते भाड्याने देऊ नये. घर घेतोस तर राहावयास घे, असा त्याचा सरळ अर्थ. आम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम ह्या दोन्ही शहरांनी तो अधिकार वापरला. उलट घर घेणाऱ्या सामान्य माणसाला तेथील कायदा करारावर सही केल्यानंतरही फेरविचारासाठी तीन दिवस देतो. आपल्याकडे दलाल तीन मिनिटे देत नाही. डच लोक आपल्याहून सात्त्विक आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी एवढेच ओळखले, की शांत वस्ती ही विकत मिळणारी वस्तू नसून तिथल्या रहिवाशांनी रोज करावयाचे काम आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही, असे म्हणून सुटका करून घेऊ पाहणाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. ज्या रेरा कायद्याचा, म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, आपण बांधणाऱ्याविरुद्ध शस्त्र म्हणून जप करतो, त्याचे १९ वे कलम घेणाऱ्याच्या हक्कांबरोबर कर्तव्येही सांगते. मालकांचा संघ स्थापन होण्याच्या कामी भाग घेणे हे त्यांपैकी एक आहे. भोगवटा प्रमाणपत्र निघाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे हे दुसरे. आपण आयुष्यभर नियमांवर बोट ठेवून दुसऱ्याचे अर्ज परत पाठवले. ह्या कलमावर मात्र आपले बोट कधी टेकले नाही.

मराठी माणसाला हे नवे शिकावयाचे आहे असेही नाही. १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती आशिया खंडातील अशी पहिली संस्था मानली जाते. त्यांच्यापैकी बहुतेक आपल्यासारखेच पगारी, गाव सोडून आलेले. त्यांनी एकत्र घरे बांधली ती एकत्र राहण्यासाठी. दादर, माटुंगा, पुण्याचे डेक्कन, नागपूरचे धंतोली, ज्या ज्या वस्तीचा आपण अभिमान बाळगतो ती नांदत्या घरांनी घडवली आहे. लखनौतही श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी आयुष्याची उमेदीची वर्षे भातखंड्यांनी उभारलेल्या संगीत महाविद्यालयाला दिली आणि ते अखेर मुंबईस परतले. परंतु जितकी वर्षे इथे होते तितकी वर्षे ते इथले होते. आज त्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आहे. परगावी राहण्याचा ह्याहून चांगला धडा कोणता?

बक्षी का तालाब ह्या नावाकडेच पाहा. बक्षी म्हणजे लष्कराच्या पगाराचा हिशेब पाहणारा अधिकारी, आपल्याच जातकुळीचा सरकारी नोकर. हे पद मराठ्यांनाही परके नव्हते; महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा बक्षी होतेच. अवधातल्या कुणा बक्षीने ह्या गावी पैसा खर्चला तो तलावासाठी, आणि गावाला त्याच्या हुद्द्याचे नाव मिळाले. तलावाला कुलूप लागत नाही. आपण, आजचे बक्षी, त्याच गावात पैसा खर्च करतो तो काटेरी तारेसाठी. आणि आपल्या नावाची पाटीही आपण लावत नाही.

मग करावे काय? माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. जिथे पाच वर्षांच्या आत स्वतः किंवा घरातले कुणी राहणार नाही, तिथे राहत्या वस्तीतील घर-जागा घेऊ नये. पैसा अन्यत्र गुंतवावा. केंद्र सरकारच्या नोकरांना २०१७ च्या नियमांप्रमाणे चौतीस महिन्यांचे मूळ वेतन अथवा पंचवीस लाख रुपये, ह्यांपैकी कमी ती रक्कम, घरबांधणीसाठी उचल मिळते. ती एका खऱ्या घरासाठी घ्यावी आणि तेवढेच घर करावे. दुसरे, घेतलेले घर बदलीमुळे बंद ठेवावे लागत असेल तर भाड्याने द्यावे. ‘भाडेकरू निघत नाही’ हे भय जुने आहे. उत्तर प्रदेशाच्या शहरी हद्दीत २०२१ च्या भाडेनियमन कायद्याने लेखी करार आणि निवाड्याची रीत घालून दिली आहे. डच कायदा भाड्याला आवर घालतो, मी भाड्याचा पुरस्कार करतो, हे विसंगत वाटेल; पण त्यांची व्याधी पैसेवाल्यांनी घेणाऱ्या कुटुंबांना डावलण्याची होती, आपली दार बंद ठेवण्याची आहे. दोन्हींकडे औषध एकच : दिवा लागला पाहिजे. आणि तिसरे, संघाचे पत्र आले तर उत्तर द्यावे, वर्गणी भरावी, सभेला जाता येत नसेल तर आपले मत तरी कळवावे.

माझ्यापुरते सांगतो. त्या रात्री घरी आल्यावर खणातले पत्र काढले. आमच्या घरातून प्रश्न आला, “आठ वर्षांपूर्वी मी विचारले होते, तिथे शेजारी कोण? तेव्हा काय म्हणाला होतात?” मी तेव्हा म्हणालो होतो, “भाव वाढेल.” दुसऱ्या दिवशी संघाची वर्गणी धाडली आणि माझ्या तुकड्यावरचे गवत काढविले. निवृत्तीला दोन वर्षे आहेत. तोवर आमचा इथे राहण्याचा निश्चय झाला तर तिथे दोन खोल्या बांधीन. न झाला तर घेतलेल्या किमतीवर फार न अडता, कागद चोख करून, जो कुटुंबासह राहावयास येईल त्यालाच तो देईन. माझ्या तरुण सहकाऱ्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. तो विचार करतो आहे, आणि त्याने घाई करू नये असेच मी त्याला सांगितले आहे.

माझ्या स्नेह्यांच्या घरासमोरची उरलेली पाच मराठी नावे कोणाची, हे मी अजून विचारलेले नाही. हा अंक त्यांच्याही हाती पडत असेल. त्यांना एवढीच विनंती, की आपला खण उघडून पाहावा.